विशाखाचं तिसरं प्रकरण

विशाखा, तुझ्या शोकसभेत विभागप्रमुख काय म्हणाले ते आधी तुला सांगते. टेबलावर तुझा फोटो होता, ओळखपत्रावरचाच, मोठा करून आणलेला. त्यात तू फोटो काढणाऱ्यावर डाफरायच्या बेतात आहेस. त्याला झेंडूचा हार. सर उठले, घसा साफ केला आणि म्हणाले, "मॅडमनी उभं आयुष्य पेशीतल्या कचऱ्याच्या विल्हेवाटीवर काम केलं." कचऱ्याच्या! ज्या एका गैरसमजाशी तू बारा वर्षं भांडलीस, तोच त्यांनी तुझ्या फोटोसमोर उभं राहून वाचून दाखवला आणि मग सगळ्यांना दोन मिनिटं स्तब्ध राहायला सांगितलं. मीही राहिले. सांगायला लाज वाटते, पण तुझ्यासाठी तोंड उघडायची वेळ आली तेव्हा मी मान खाली घालून उभी होते.

सभा संपल्यावर तुझा धाकटा भाऊ मिलिंद माझ्याकडे आला. हुपरीहून सकाळच्या गाडीनं आला होता. घरातलं पैंजणांचं काम अर्धं टाकून आला असावा, बोटं अजून काळी होती. तो म्हणाला, "ताई, आमची अक्का कचऱ्यावर काम करत हुती व्हय? आमास्नी तर म्हणायची, पेशीतला पडदा कसा वाकतोय ते मी बघतोय. आमास्नी खोटं सांगायची काय?"

मला इतका संताप आला की मी त्याला तसं जाऊच दिलं नाही. स्टँडपर्यंत त्याच्याबरोबर चालत गेले आणि हुपरीची गाडी लागेपर्यंत बाकड्यावर बसून त्याला समजावलं. म्हटलं, प्रत्येक पेशीत युबिक्विटिन नावाचं एक चिमुकलं प्रथिन असतं. ते दुसऱ्या प्रथिनांना जाऊन चिकटतं. त्याची साखळी एखाद्या प्रथिनाच्या पाठीला लागली की पेशी त्या प्रथिनाचे तुकडे करते. हे पुस्तकात असतं, आणि पोरं 'मृत्यूची चिठ्ठी' असं लिहून मार्क मिळवतात. तुझी अक्का म्हणायची, हे खरं आहे, पण एवढंच खरं नाही. पेशीत पातळ पडद्यांची मोठी जाळी असते. त्या पडद्यात काही प्रथिनं पाचरीसारखी रुतलेली असतात. त्यांना युबिक्विटिन लागलं की दर वेळी ती मरत नाहीत. कधी ती एकमेकांना धरतात, एका जागी दाटी करतात, आणि सपाट पडदा तिथं वाकतो, फुगतो, त्याचा तुकडा सुटून बाजूला होतो. जुनं निघतं आणि जाळीला नवा आकार येतो.

मिलिंदनं जरा विचार केला आणि म्हणाला, "म्हंजी साखळीच्या एकाच अंगाला घुंगरं दाटून बसवली की साखळी वळती, तसं?"

विशाखा, तुझ्या भावाला ते गाडी लागेपर्यंत कळलं. आमच्या सरांना बारा वर्षांत कळलं नाही, कारण त्यांनी कधी विचारलंच नाही.

पण सरांवर किती चिडू? तुझ्या या प्रथिनांना पहिली 'फेल' म्हणणारी मीच होते.

तू विभागात आलीस तेव्हा मी आधीपासून याच प्रथिनांच्या मागे होते. मीही त्याच 'मृत्यूची चिठ्ठी' पंथातली. युबिक्विटिन लागलं म्हणजे प्रथिन काही तासांत नाहीसं व्हायला हवं, असं मी धरूनच चालले होते. प्रथिनं वेगळी करायच्या जेलवर, त्या पारदर्शक थरावर, प्रथिनाचा पट्टा वर सरकलेला दिसायचा, म्हणजे युबिक्विटिन लागलेलं. पण पट्टा फिका काही पडायचा नाही, म्हणजे प्रथिन जिवंत. मग मी वहीत लाल पेननं लिहायचे, 'फेल'. अशी चौदा पानं. ही चूक युबिक्विटिनवर काम करणारी माणसंच करू शकतात. ज्याला यातलं ओ की ठो कळत नाही त्यानं निदान विचारलं तरी असतं, की बाई, ते मेलं नाही तर मग करतंय काय?

तू तेच विचारलंस. जेवणाच्या सुट्टीत, डब्यातली भाकरी एका हातात आणि माझी वही दुसऱ्या हातात. सगळा मजला ऐकेल अशा आवाजात ओरडलीस, "त्रिशले, हे फेल कुणी लिवलं?"

"मी."

"प्रथिन मेलं न्हाय म्हणून फेल? अगं, जितं ऱ्हायलंय तर जितं ऱ्हाऊन काय करतंय ते बघायचं का न्हाय? तुला मढंच पायजे व्हय दर खेपेला?"

मला राग आला होता. वयानं, नोकरीनं मी मोठी, आणि ही कालची आलेली माझ्या वहीवर चटणीची बोटं उमटवून मला शिकवतेय. मी वही ओढून घेतली. तू दुसऱ्या दिवशी ती परत मागून नेलीस आणि त्या चौदा पानांवर तुझं सगळं काम उभं राहिलं. ते तू दर व्याख्यानात सांगायचीस, माझं नाव घेऊन. मी मात्र खाली मान घालून मोबाइल बघायचे.

तुला ते यंत्र आठवतंय का? यंत्र कसलं, दोन काचेच्या सिरिंज समोरासमोर आणि मध्ये बारीक छिद्रांची चकती. मेदाचं पाणी इकडून तिकडं, तिकडून इकडं ढकलायचं, म्हणजे सारख्या आकाराचे इवले फुगे तयार होतात. पेशीच्या पडद्याची नक्कल. मग त्यांत प्रथिन बसवायचं, अर्ध्यांना युबिक्विटिन लावायचं, अर्ध्यांना नाही, आणि कुठला पडदा वाकतो ते बघायचं. बाहेरून मागवायची मंजुरी सहा महिने सरांच्या टेबलावर पडून होती. शेवटी तू चित्र काढलंस आणि मला स्कूटरवर मागे बसवून शिरोली एमआयडीसीत नेलंस. तिथल्या लेथवाल्यानं कागद उलटा-सुलटा करून बघितला. "पावणं, हे इंजेक्शनचं स्टँड हाय काय?" तू म्हणालीस, "व्हय, पेशीला द्यायचंय. पण छिद्र एका रेषेत नसलं तर तुमच्याच दारात येऊन बसंन." त्यानं चार दिवसांत असं नेटकं करून दिलं की पुण्याहून आलेले पाहुणे त्याचा फोटो काढून घेऊन गेले.

त्या सिरिंज एकवीस वेळा ढकलायच्या. मी म्हटलं, एकवीस मोदकांसारखं झालं की गं. तू डोळे वटारलेस. "गणपतीचा काय संबंध? आकडा विषम पायजे, म्हंजी माल पल्याडच्या सिरिंजमधी उतरतोय आणि गाळ अल्याड ऱ्हातोय." मी मोजायची, तू ढकलायचीस. तुझे अंगठे दुखायला लागले की मी ढकलायची. बारा वर्षांतले माझे सगळ्यात चांगले तास त्या टेबलापाशी गेले आणि त्यांतल्या प्रत्येक तासाला मी तुझ्याशी भांडत होते.

भांडण एकच होतं. मी म्हणायची, पडदा वाकवते ती पाचर. पाचरी एका जागी आल्या की पडदा वाकणारच. युबिक्विटिन फक्त त्यांना गोळा करतं, आणि गोळा करणारा काही वाकवणारा नव्हे. तू म्हणायचीस, गोळा केल्याशिवाय वाकतोय का? नाही ना? मग? मी म्हणायची, तीच प्रथिनं दुसऱ्या कशानं तरी एकमेकांना चिकटव, युबिक्विटिन अजिबात न वापरता. तरी पडदा वाकला तर तुझा दावा गेला. तू म्हणायचीस, पेशीत ते दुसरं कायतरी हाय कुठं? मी म्हणायची, म्हणजे तू प्रयोगाला घाबरतेस. इथं तू टेबलावर हात आपटायचीस. चहा सांडायचा. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच.

आणखी एक भांडण होतं, ते एकदाच झालं. मी शहाणपणा करून म्हटलं होतं, की पाठीला चिठ्ठी दिसली की माणूस कचऱ्यातला असं धरून चालणाऱ्या आपल्या समाजात तूच हा विषय घ्यावास, यात काहीतरी आहे. तुझा चेहरा दगड झाला. "माझ्या प्रथिनाला जात चिकटवू नगंस. बाबासायबांच्या वाटंनं आजोबा गेले, म्हणून मी शिकलो. पण ह्यो विषय मी पडद्यासाठी घेतलाय. मला पडदा आवडतोय. एवढं कारण पुरत न्हाय व्हय तुला?" मी पुन्हा ती तुलना केली नाही. आजही करत नाही. पण त्याच वर्षी तुझा लेख तिसऱ्यांदा परत आला, इतक्या लहान विभागात हे काम खरंच झालं का अशा शंकेसकट. तेव्हा चहाच्या वेळी सर म्हणाले, "राखीव जागेवरून आलं की माणसानं जरा बेतानं उडी मारावी." तू तिथं नव्हतीस. आम्ही पाच जण होतो. पाचही जण कपात चमचा फिरवत राहिलो. मी साखर घेत नाही हे तुला माहीत आहे. तरी फिरवत होते.

हे तुला मी कधी सांगितलं नाही. तुला कळलं असणारच. तुला सगळं कळायचं आणि तू चिडायची नाहीस, याचाच मला आता सगळ्यात जास्त राग येतोय. माझ्यावर टेबल आपटायचीस, त्यांच्यावर का नाही आपटलंस? बाहेरच्या देशांतल्या मोठ्या प्रयोगशाळांनी तसंच काही छापलं, त्या दिवशी तू भडंगाची पिशवी घेऊन आलीस. सगळ्यांना मूठ मूठ दिलीस. म्हणालीस, "बघा, पडदा वाकतोय. मी एकटी येडी नव्हतो." मी म्हटलं, अगं, यात तुझं नाव कुठं आहे? तू म्हणालीस, "नाव नसंना का. खरं हाय का न्हाय?" मला तुझ्या हातातली पिशवी हिसकावून घ्यावीशी वाटली होती. कुणी चोरलं नव्हतं, ते मला मान्य आहे. त्यांचं त्यांनी शोधलं. पण तुझं आधी कपाटात पडून होतं, ते कुणामुळे?

आजारपणही तसंच. तपासणीला एकटी गेलीस, एकटी परत आलीस आणि मला सांगितलंस ते उपचार सुरू झाल्यावर, तेही दोन काचांच्या फटीत जेल ओतून त्यात खाचांसाठी कंगवा बसवता बसवता. मी विचारलं, "काय म्हणाले डॉक्टर?" तू म्हणालीस, "वेळ कमी हाय म्हणाले. आणि हा कंगवा नीट बसव, जेल गळतंय." चारच महिने गेले त्यानंतर. दवाखान्यात मी पाच वेळा आले. पाचही वेळा आपण तुझ्या सलाईनबद्दल बोललो, जेवणाबद्दल बोललो. भांडलो नाही. ती चूक झाली. भांडायला हवं होतं.

आता खरी गोष्ट. शोकसभेनंतर आठच दिवसांत सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. तुझी विद्यार्थिनी अश्विनी, शाहूवाडीची, भाताच्या लावणीला सुट्टी घेऊन जायची आणि परत आली की दुप्पट काम उपसायची ती, तिचा प्रबंध महिन्याभरात जमा व्हायचा होता आणि तिला मार्गदर्शक उरला नव्हता. सर म्हणाले, "तुम्ही सही करा. फक्त तिसरं प्रकरण काढायला सांगा. कुठं छापलेलं नाही, वादग्रस्त आहे, परीक्षकांनी हरकत घेतली तर पोरीचं नुकसान. दोन प्रकरणांत पीएचडी होते." मी काहीतरी बोलणार, तोवर हसून म्हणाले, "आणि तुमचा तर याला पहिल्यापासून विरोधच होता ना, मॅडम?"

विशाखा, मला कुणीतरी भर चौकात कानाखाली मारल्यासारखं झालं. माझं-तुझं भांडण. सांडलेला चहा, आपटलेले हात, बारा वर्षांचं आपलं खासगी भांडण त्यांनी उचललं आणि तुझं काम पुरायला फावडं म्हणून माझ्याच हातात दिलं. मी उठून बाहेर आले. इतकी चिडले होते की बोलले असते तर धड बोलता आलं नसतं.

अश्विनी दारातच उभी होती. तिला आधीच कळलं होतं. म्हणाली, "मॅडम, दोन प्रकरणांची पीएचडी मला नगो. मी गावाकडं जाऊन भात लावतो त्यापरीस." मग तू बघायचीस तसंच माझ्याकडे बघून म्हणाली, "तुम्ही तिसरं प्रकरण वाचलंय काय?"

वाचलं नव्हतं. तू मसुदा पाठवला होतास. मला वाटलं, त्यात काय असणार ते मला माहीत आहे. बारा वर्षं ऐकतेय.

तिनं माझ्यासमोर ठेवलं आणि मी तिथंच स्टुलावर बसून वाचलं. तू तो प्रयोग केला होतास. माझा प्रयोग. युबिक्विटिन न लावता, दुसऱ्याच एका चिकट तुकड्यानं तीच प्रथिनं एकत्र आणायची, तो. मी विचारलं, "हे कधी केलं?" अश्विनी म्हणाली, "दुसऱ्या उपचाराच्या नंतर. विशाखा मॅडमना सिरिंज ढकलवत नव्हती. त्या स्टुलावर बसून मोजायच्या, मी ढकलायचो. म्हणायच्या, त्रिशलाचं एकदा ऐकून बघू."

पडदा वाकला होता. युबिक्विटिनशिवाय, नुसत्या दाटीनं. मी बारा वर्षं म्हणत होते तसा. आणि तू ते झाकलं नाहीस. माझं नाव घालून अश्विनीला सरळ लिहायला लावलंस, की सहकारी त्रिशला यांचा आक्षेप योग्य ठरला, पडदा वाकवते ती दाटी. मात्र जिवंत पेशीत ती दाटी जमवणारं युबिक्विटिन आहे, आणि तेवढ्यापुरता आमचा दावा आम्ही बदलत आहोत. प्रबंध इंग्रजीत आहे, पण मला तुझाच आवाज ऐकू आला. आणि मी त्या स्टुलावर बसून अश्विनीसमोर रडले. दुःखानं कमी आणि रागानं जास्त. इतकी मोठी गोष्ट, आणि तू मला सांगितली नाहीस? पाच वेळा मी तुझ्या पलंगाशी बसले, मोसंबी सोलली. एकदा म्हणायचं होतंस, "त्रिशले, निम्मी तू बरोबर." मी आनंदानं नाचले नसते. मी म्हटलं असतं, निम्मी नव्हे, पाऊण. तू उशी फेकून मारली असतीस. आपल्याला एवढं एक शेवटचं भांडण मिळालं असतं.

की तू वाट बघत होतीस? मी मसुदा वाचेन आणि धावत येईन म्हणून? हा विचार मी पुरा करत नाही. होत नाही.

तुझ्याकडून मला काय मिळालं, ते मी त्या दिवसापासून मोजतेय. प्रयोग फसला की त्याला विचारायचं, फसून तू काय करतोयस. कुणी छिद्र तिरकं पाडून दिलं तर त्याच्या दारात जाऊन बसायचं. आणि ज्याच्याशी पटत नाही त्याचं म्हणणं आपल्या अखेरच्या ताकदीनं तपासून बघायचं. हे तिसरं मला अजून जमलेलं नाही. जमेल असंही वाटत नाही. पण असं माणूस माझ्या शेजारच्या टेबलावर बारा वर्षं होतं, हे माझं भाग्य. हे मी रागानंच म्हणतेय, पण म्हणतेय.

काल मी फॉर्म घेऊन सरांकडे गेले. अश्विनीला बरोबर घेतलं. तिन्ही प्रकरणं जशीच्या तशी. सरांनी पानं चाळली आणि कपाळाला आठ्या घातल्या. "मॅडम, हे काय? 'सदर काम माझ्या मार्गदर्शनाखाली झाले' हे छापील वाक्य तुम्ही खोडलंय."

"झालेलं नाही म्हणून खोडलं. विशाखाच्या मार्गदर्शनाखाली झालं, तसं वर लिहिलंय."

"असा फॉर्म वर चालत नाही."

"मग परत येऊ दे. परत आला तर पुन्हा हेच लिहीन. आणि का लिहिलं असं कुणी विचारलं तर त्यांना तुमच्या केबिनमधलं बोलणं सांगीन. चहाच्या वेळचंसुद्धा."

अश्विनीनं माझ्याकडे असं बघितलं, की मला वाटलं हे मी कितीतरी आधी करायला हवं होतं. सरांनी पेन उचललं, पुन्हा ठेवलं. मग विचारलं, "आणि खाली हे शेरा म्हणून काय लिहिलंय?"

मी म्हटलं, "वाचा की. मोठ्यानं वाचा."

त्यांनी वाचलं नाही, पण सही केली. शिपाई कागद घेऊन वर गेला. त्या शेऱ्यात मी लिहिलंय, की या कामावरचा माझा आक्षेप निम्मा बरोबर होता आणि या कामाला असलेला माझा विरोध सगळाच्या सगळा चुकीचा होता. खाली सही, तारीख.

तोंडावर सांगायला मला बारा वर्षं होती, विशाखा.